भूल उतरण्याआधीची तयारी: पुनर्रचना शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं कसं सांभाळावं

पुनर्रचना शस्त्रक्रिया म्हणजे अंगावरच्या एका जागेची त्वचा, मांस किंवा हाड घेऊन दुसरीकडची जखम किंवा उणीव भरून काढणं. तिच्या दिवशी बहुतेकांना फारसं दुखत नाही. भेटायला आलेल्यांशी नीट गप्पा होतात, ‘आपण उगाच घाबरलो’ असं वाटतं आणि दुखण्याच्या गोळ्या बाजूला पडून राहतात. मग मध्यरात्र उलटल्यावर ठणक्याने जाग येते. तोवर उशीर झालेला असतो. एकदा चढलेलं दुखणं खाली आणायला पुढचे कित्येक तास जातात.

याच्यामागे साधं गणित आहे. सकाळी दहाला दिलेला, लांब टिकणारा नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ औषध सोडून तेवढाच भाग बधिर करणं) साधारण १२ ते १८ तास चालतो. म्हणजे तो रात्री दहा ते पहाटे चार या वेळात उतरणार. नेमके तेव्हा तुम्ही झोपेत, सोबतचं माणूस पेंगत आणि तुमचे डॉक्टर घरी गेलेले.

माझ्या मनगटावरची अपघाताची जखम मांडीवरून घेतलेल्या फ्लॅपने (रक्तवाहिन्यांसकट घेतलेला त्वचा-मांसाचा जाड तुकडा) झाकली आणि शेजारच्या भागावर मांडीच्याच त्वचेचा ग्राफ्ट (नुसत्या त्वचेचा पातळ पापुद्रा) लावला. कॉलरबोनजवळ बारीक नळी बसवून त्यातून भुलीचं औषध चालू ठेवलं होतं. त्यात जे अनुभवलं आणि नंतर भूलतज्ज्ञांना खोदून खोदून विचारून जे समजून घेतलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. त्यांना काय विचारायचं, स्वतः काय पाहायचं आणि कधी धावाधाव करायची, एवढंच या लेखाचं काम.

१. कोणती भूल मिळणार आणि ती किती वेळ टिकणार, हे लिहून घ्या

पूर्ण भूल म्हणजे झोप. ती ऑपरेशन संपलं की उतरते. जागेवरची भूल वेगळी. आपल्या नसांमधून दुखण्याचा निरोप विजेच्या लहरीसारखा मेंदूकडे जातो, आणि ती लहर पुढे सरकण्यासाठी सोडियमचे कण नसेच्या आत शिरावे लागतात. भुलीचं औषध हा सोडियमचा रस्ताच काही तास बंद करतं. जखम तिथेच असते, निरोप पोचत नाही. बारीक तंतू आधी बंद पडतात, म्हणून दुखणं आणि गार-गरम कळणं आधी जातं. दाब आणि ओढ बऱ्याचदा कळत राहते. टाके घालताना सुई टोचलेली कळत नाही, पण दोरा ओढलेला कळतो, तो यामुळेच. त्याला घाबरू नका.

प्रकार साधारण असे:

- जखमेच्या कडेला इंजेक्शन. लिडोकेन असेल तर एक-दोन तास, सोबत ॲड्रेनॅलिन असेल तर त्याहून थोडं जास्त. ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन असेल तर साधारण चार ते आठ तास.
- नर्व्ह ब्लॉक. सोनोग्राफीवर बघून नसांच्या जुडग्याजवळ औषध सोडतात. हातासाठी मानेजवळ, कॉलरबोनजवळ किंवा काखेत. पायासाठी जांघेत किंवा गुडघ्यामागे. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी छातीच्या स्नायूंच्या थरांत किंवा पाठीच्या कण्याशेजारी. पोटावरून फ्लॅप घेतला असेल तर पोटाच्या स्नायूंच्या थरांत. लांब टिकणारं औषध असेल तर १२ ते २४ तास.
- नळी आणि पंप. त्याच जागी बारीक कॅथेटर ठेवून दोन-तीन दिवस औषध थेंबथेंब चालू ठेवतात.
- एपिड्युरल. कण्यातली नळी, सहसा पायाच्या किंवा पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला आणि बहुधा हॉस्पिटलमध्ये असेपर्यंतच.
- लायपोसोमल ब्युपिव्हाकेन. औषध चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं आणि हळूहळू बाहेर पडतं. ७२ तासांपर्यंत परिणाम राहावा यासाठी ते बनवलं आहे, पण प्रत्यक्षात किती आराम पडतो यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. ते दिलं असेल तर त्याची नोंद तुमच्या कागदांवर हवीच, कारण पुढचे चार दिवस जागेवरच्या भुलीचं दुसरं कोणतंही औषध टोचायचं की नाही, हे त्यावर ठरतं.

भूलतज्ज्ञ भेटायला येतात तेव्हा तीन प्रश्न विचारा: कोणता ब्लॉक, कोणतं औषध, साधारण किती वाजेपर्यंत टिकेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू, माणसागणिक वेगळं असतं’ असं येतं. ते खरंच आहे, तरीही ‘लवकरात लवकर किती वाजता उतरेल?’ असा प्रश्न फिरवून विचारा. तुम्हाला तीच वेळ हवी आहे.

२. जखमा दोन असतात, हे लक्षात ठेवा

पुनर्रचनेत एका जागेचा माल दुसरीकडे नेतात. त्यामुळे जिथून घेतलं ती जागाही दुखते, आणि पुष्कळदा तीच जास्त दुखते. पातळ ग्राफ्टसाठी मांडीची वरची साल काढतात तेव्हा त्वचेतली नसांची टोकं उघडी पडतात. खोल कापलेल्या जखमेपेक्षा खरचटलेलं जास्त चरचरतं, तसा हा प्रकार. माझा हात पंपामुळे शांत होता आणि मांडी मात्र अंगाला चादर लागली तरी पेटून उठायची. कॉलरबोनजवळची नळी मांडीला काहीच करू शकत नाही, हे उघड आहे. पण ऑपरेशनआधीच्या गडबडीत सगळ्यांचं लक्ष मुख्य जखमेकडे असतं आणि हे सुटून जातं.

म्हणून स्पष्ट विचारा: ‘जिथून त्वचा घेणार, त्या जागेसाठी काय करणार आहात?’ मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेची नस स्वतंत्रपणे बधिर करता येते. बरगडीची कुर्चा घेतली असेल तर बरगड्यांमधल्या नसांचा ब्लॉक देता येतो. कमरेच्या हाडातून तुकडा घेतला असेल तर त्या जखमेतही औषध सोडता येतं. काही ठिकाणी मांडीच्या जखमेवरच भुलीच्या औषधात भिजवलेलं ड्रेसिंग ठेवतात. हे सगळं तुम्ही ऑपरेशन टेबलवर असतानाच सोपं असतं. वॉर्डात आल्यावर मागितलं तर बहुधा गोळ्यांवरच भागवावं लागतं.

मांडीचं ड्रेसिंग चिकटून बसलं असेल तर ओढू नका. साधारण दोन आठवड्यांत खालची त्वचा भरते आणि ड्रेसिंग कडेने आपोआप सुटत जातं. सुटलेली कड कात्रीने कापायची, बाकीचं तसंच ठेवायचं.

३. भूलतज्ज्ञाला काय सांगायचं, कोणते कागद न्यायचे

कागदांत: जुने डिस्चार्ज कार्ड, विशेषतः आधीच्या भुलीची नोंद; चालू औषधांची यादी, त्यात काढे, आयुर्वेदिक गोळ्या आणि व्हिटॅमिनही; ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट; ॲलर्जीची नोंद. यादीचा मोबाइलवर फोटो ठेवा, पण कागदही न्या. मोबाइल नेमका नातेवाइकाच्या खिशात असतो.

तोंडाने सांगायच्या गोष्टी:

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. काही ब्लॉक खोलवर असतात, तिथे रक्तस्राव झाला तर दाबून थांबवता येत नाही. स्वतःच्या मनाने या गोळ्या बंद मात्र करू नका.
- हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, यकृताचा किंवा किडनीचा आजार, फिट येणं, गरोदरपण, दमा.
- त्या भागात आधीपासून मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर तो. मधुमेहींनी हे आवर्जून सांगावं. आधीचं आणि नंतरचं वेगळं ओळखता आलं पाहिजे.
- झोपेत श्वास अडकणं, फार घोरणं. अफूच्या वर्गातली औषधं देताना याचा विचार करावा लागतो.
- खरं वजन. भुलीच्या औषधाची मर्यादा वजनावर ठरते. नुसतं लिडोकेन किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅम, ॲड्रेनॅलिनसोबत ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला हे २७० आणि ४२० होतं. वजन अंदाजाने फुगवून सांगितलं तर हिशेब चुकतो.

‘मला भुलीची ॲलर्जी आहे’ असं सांगणारे बरेच भेटतात. दाताच्या इंजेक्शननंतर छाती धडधडली, घाम फुटला, एवढाच अनुभव असेल तर ते बहुधा ॲड्रेनॅलिनमुळे किंवा भीतीमुळे झालेलं असतं. या औषधांची खरी ॲलर्जी विरळा. ‘ॲलर्जी’ एवढंच सांगून थांबू नका. नेमकं काय झालं, किती मिनिटांत झालं, अंगावर गांधी उठल्या का, श्वास लागला का, ते सांगा. नाहीतर तुमच्या कागदावर तो शिक्का बसतो आणि उपयोगाचं औषध कायमचं हातून जातं.

४. हाताशी ठेवायच्या वस्तू

लांबलचक यादी देत नाही. वही-पेन, गजर लावायला फोन, दोन-तीन जादा उशा, पुढून उघडणारा सैल शर्ट, हात असेल तर झोळी, पंप अडकवायला पिशवी, रात्रीचा मंद दिवा (फ्लॅपचा रंग बघायला पांढऱ्या उजेडाची बॅटरी वेगळी), आणि वॉर्डाचा किंवा रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत.

५. बधिर अवयव सांभाळा, तो स्वतः ओरडणार नाही

ब्लॉक चालू असताना हात आपला वाटत नाही. रात्री कूस वळताना माझा हात पलंगाच्या कडेवरून खाली लोंबकळत होता आणि मला पत्ता नव्हता. सिस्टरने उचलून उशीवर ठेवला तेव्हा कळलं. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात, तिथे नस हाडावर उघडीच असते. ती जागा टेबलाच्या किंवा पलंगाच्या कडेवर दाबून ठेवू नका. पाय असेल तर टाच उशीच्या पुढे हवेत राहील असं ठेवा.

काही नियम पाळाच:

- बधिर भागाला शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, बर्फही नाही. त्वचा भाजली तरी कळणार नाही. फ्लॅपवर आणि ग्राफ्टवर तर भूल उतरल्यावरही नाही, कारण तिथल्या नसा तुटलेल्या असतात आणि तो बधिरपणा महिनोन् महिने, कधी कायम राहतो.
- पायाचा ब्लॉक असेल तर एकट्याने उठायचं नाही, बाथरूमलाही नाही. पाय हलतोय असं वाटतं आणि टेकला की गुडघा दुमडतो.
- ओठ, टाळू, जबडा यांचं ऑपरेशन असेल तर बधिरपणा जाईपर्यंत गरम पेय आणि चावायचं खाणं बंद. लहान मुलं बधिर ओठ चावून चावून रक्तबंबाळ करतात. त्यांच्यावर डोळा ठेवायला एक माणूस हवंच.
- झोळी, पट्टी, गादी काढताना अवयव दुसऱ्या हाताने धरा.

मानेजवळच्या ब्लॉकनंतर पुष्कळदा त्याच बाजूची पापणी उतरते, डोळा लाल होतो, आवाज बसतो. आरशात बघून दचकायला होतं. औषध शेजारच्या नसांपर्यंत पसरल्याने हे होतं आणि ब्लॉकबरोबर जातं. त्याच कारणाने श्वासपटलाची एक बाजूही तात्पुरती ढिली पडू शकते. उशा लावून बसतं राहिलं की बरं वाटतं. तरीही दम लागत असेल तर सिस्टरला लगेच सांगा, ‘होईल बरं’ म्हणून वाट बघू नका.

६. ब्लॉक उतरण्याच्या वेळेची तयारी

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. ब्लॉक एकदम बटण दाबल्यासारखा जात नाही. आधी बोटांच्या टोकांत मुंग्या येतात, मग बोटं थोडी हलायला लागतात, मग जडपणा, मग कोमट कोमट ठणका. मुंग्या सुरू होण्यापासून खरं दुखायला लागेपर्यंत काहींना दोन-तीन तास मिळतात, काहींना अर्धा तासही नाही. आणि ब्लॉक संपल्यावरचं दुखणं पुष्कळांना अपेक्षेपेक्षा तीव्र वाटतं. डॉक्टर त्याला रिबाउंड पेन म्हणतात. आत्तापर्यंत शून्य असलेलं एकदम आठवर जातं, म्हणून ते जास्त झोंबतं.

यावर उपाय एकच: गोळ्या ब्लॉक चालू असतानाच सुरू करायच्या. तोंडातून घेतलेल्या पॅरासिटामॉलला काम सुरू करायला अर्धा ते एक तास लागतो. दुखायला लागल्यावर घेतली तर तो तास तुमचा. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल दुखत नसलं तरी घड्याळाप्रमाणे घ्या, आणि रात्री झोपण्याआधीचा डोस चुकवू नका. ‘दुखतच नाहीये, मग गोळी कशाला’ हा युक्तिवाद घरातलं कोणी ना कोणी करतंच. त्यांना हा परिच्छेद दाखवा.

माझ्या वहीत प्रत्येक नोंद एकाच ओळीत होती: वेळ, गोळी, दुखण्याचा आकडा शून्य ते दहा, बोटं हलतात का. रात्री पाळी बदलली की नवीन सिस्टर आधी ती वही बघायच्या.

गोळ्यांबद्दल सांभाळायच्या गोष्टी:

पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त नको. यकृताचा त्रास किंवा वजन कमी असेल तर त्याहूनही कमी. धोका असा की ते सर्दीच्या गोळीत असतं, तापाच्या गोळीत असतं, ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीतही असतं. पाकिटावरचं मोठं नाव वेगळं आणि आतलं औषध तेच. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचून यादी करा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वर्गातल्या गोळ्या सूज आणि दुखणं दोन्ही कमी करतात, पण पोटाचा अल्सर, किडनी, रक्तस्राव यांचा विचार करूनच. घरात पडलेली आहे म्हणून घेऊ नका, सर्जनना विचारा.

ट्रॅमाडॉल, मॉर्फिनसारखी औषधं लिहून दिली असतील तर ती ठेवणीतली समजा. वरच्या दोन प्रकारच्या गोळ्या वेळेवर चालू असूनही दुखण्यामुळे झोप लागत नसेल, तर घ्या. घाबरून टाळायचीही नाहीत आणि सवयीने वाढवायचीही नाहीत. गुंगी येते, मळमळतं आणि बद्धकोष्ठ हमखास होतं. त्यामुळे पोट साफ राहण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. सोबत दारू नाही, झोपेची गोळी नाही, गाडी चालवणं नाही. माणूस हाक मारूनही जागं होत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल तर ताबडतोब मदत बोलवा.

आणि एक: दुखणं सांगताना नुसतं ‘फार दुखतंय’ म्हणू नका. ठणकतंय की आग होतेय, सणक जातेय की ओढ लागलीय, हे सांगा. ठणक्याला हात उंच ठेवणं आणि साध्या गोळ्या चालतात. विजेसारखी सणक किंवा जळजळ नसेच्या दुखण्याची असू शकते. तिला वेगळी औषधं लागतात आणि साध्या पेनकिलर वाढवून ती ऐकत नाही.

७. पंप लावून घरी सोडलं तर

घरी देतात तो पंप बहुतेक वेळा विजेवर चालत नाही. आत रबरी फुगा असतो, त्यात औषध भरलेलं. फुगा आकसतो तसं औषध बारीक नळीतून ठरलेल्या वेगाने जातं. ३०० मिली भरलं आणि वेग तासाला ५ मिली असेल तर ६० तास. हा हिशेब पिशवीवर लिहून ठेवा, म्हणजे ‘अजून संपला कसा नाही’ किंवा ‘इतक्यात कसा संपला’ हे कळेल. पहिले कित्येक तास फुगा तेवढाच दिसतो. पंप बंद आहे असं समजून तो दाबू-पिळू नका.

नळीवर चिमटा असतो. तो उघडा आहे ना, नळी कुठे मुडपली नाही ना, हे दिवसातून तीन-चारदा पाहा. वेग ठरवणारा छोटा तुकडा त्वचेला चिकटवून ठेवायला सांगितला असेल तर तसाच ठेवा. तापमान बदललं की वेग बदलतो. पंपाला शेक किंवा बर्फ लागू देऊ नका, पाण्यात भिजवू नका. नळी जिथे आत जाते तिथून थोडं पाझरून ड्रेसिंग ओलं होतं, ते नेहमीचं. ड्रेसिंग पूर्ण सुटलं, किंवा नळीभोवती लाली, पू, ताप असं काही दिसलं तर फोन करा. नळीचं टोक सुटलं तर घरी परत जोडायचं नाही. झाकण किंवा स्वच्छ गॉज लावून विचारायचं. सलाइनच्या नळीला ती कधीच, कोणत्याही परिस्थितीत जोडायची नाही.

पंप चालू असताना त्वचेवर लिडोकेनचं मलम किंवा पट्टी वेगळी लावू नका. दोन्ही औषधं शेवटी एकाच रक्तात जातात आणि मर्यादा एकत्रच मोजायची असते.

नळी घरी काढायला सांगितली असेल तर: हात धुवा, ड्रेसिंग सावकाश सोडवा, कात्री जवळ आणू नका, नळी त्वचेजवळ धरून हळू ओढा. दोन-चार थेंब रक्त किंवा पाणी येईल. अडकली किंवा सणक गेली तर थांबा, जोर लावू नका. बाहेर आल्यावर टोकाची खूण शाबूत आहे का ते बघा आणि नळी फेकण्याआधी तिचा फोटो काढा.

८. फ्लॅप दुखत नाही म्हणजे फ्लॅप ठीक आहे, असं नाही

फ्लॅपला स्वतःची संवेदना बहुधा नसतेच. नसा जोडल्या असल्या तरी ती यायला महिने लागतात. त्यामुळे त्याचा रक्तपुरवठा बिघडला तर तो दुखून सांगणार नाही. बघावं लागतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत सिस्टर तासातासाला येऊन रंग, ऊब, दाबल्यावर रंग परतायला लागणारा वेळ आणि डॉपलरचा (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राचा) आवाज तपासतात, ते यासाठी. झोपमोड होते म्हणून वैतागू नका.

फिकट आणि गार पडला तर रक्त आत येत नाहीये. जांभळा, फुगलेला आणि दाबल्यावर रंग झटकन परतणारा असेल तर रक्त बाहेर जात नाहीये. दोन्ही वेळी ‘सकाळी राउंडला दाखवू’ चालत नाही, त्या क्षणी सांगायचं. रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी लवकर काढली तर फ्लॅप वाचू शकतो.

ब्लॉकमुळे हात गरम आणि गुलाबी वाटतो, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. फ्लॅपला ते पथ्यावरच पडतं. ब्लॉक उतरल्यावर हात आधीपेक्षा थोडा गार वाटू शकतो, पण फ्लॅपचा रंग बदलायला नको. शंका असेल तर विचारा. इथे उगाच विचारलं असं काही नसतं. तंबाखू, सिगरेट, निकोटीनचं च्युइंगम, काहीही नको. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि खोलीत दुसऱ्याने ओढलेली सिगरेटही धोक्याची.

९. हे दिसलं तर वाट बघू नका

औषध रक्तात जास्त गेल्याची लक्षणं: ओठ-जिभेभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंजन, चक्कर, बोलणं अडखळणं, स्नायू फडफडणं, पुढे फिट किंवा ठोके बिघडणं. पंप असेल तर चिमटा बंद करा आणि तातडीची मदत बोलवा. मदतीला आलेल्यांना ‘जागेवरच्या भुलीचं औषध चालू होतं’ हे पहिल्या वाक्यात सांगा. यावर चरबीचं २० टक्के द्रावण शिरेतून देतात आणि ते लवकर दिलं तर उपयोग होतो. ब्युपिव्हाकेन या बाबतीत हृदयाला जास्त कडक, म्हणून अनेक ठिकाणी पंपात रोपिव्हाकेन पसंत करतात. लायपोसक्शनसारख्या (नळीने चरबी शोषून काढण्याच्या) कामात भरपूर पाण्यात मिसळून दिलेलं लिडोकेन रक्तात सावकाश चढतं. त्याचं प्रमाण १० तास उलटल्यावरही शिखराला पोचू शकतं, म्हणजे तुम्ही घरी असताना.

हातापायावर प्लास्टर किंवा घट्ट पट्टी असेल आणि ब्लॉक चालू असूनही आत चेपल्यासारखं, गोळ्यांना न जुमानणारं दुखणं वाढत गेलं, बोटं सरळ करताना किंचाळावंसं वाटलं, अवयव दगडासारखा टणक झाला, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढत असू शकतो. अशा वेळी ब्लॉक वाढवून मागणं घातक. ‘ब्लॉक आहे तरी एवढं का दुखतंय?’ हा प्रश्न सर्जनने स्वतः येऊन सोडवायचा असतो.

छाती-मान भागातल्या ब्लॉकनंतर अचानक दम लागणं किंवा श्वास घेताना छातीत टोचणं. एपिड्युरलनंतर पाय परत न हलणं, लघवी अडणं, पाठीत तीव्र कळ. एकदाच दिलेल्या ब्लॉकनंतर ४८ तास उलटले तरी हात-पाय न हलणं: यांपैकी काहीही असलं तरी लगेच कळवा. नसेला दीर्घकाळ टिकणारी इजा फार क्वचित होते, १०,००० ब्लॉकमागे साधारण २ ते ४ अशी. पण झाली तर तिची नोंद आणि तपासणी लवकर झालेली बरी.

१०. पुढचे आठवडे: ड्रेसिंग, व्यायाम, मलमं

घरी आल्यावर दुखणं ड्रेसिंग आणि फिजिओथेरपी यांच्या वेळेभोवती फिरतं. म्हणून गोळी त्या वेळेच्या पाऊण ते एक तास आधी घ्या. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) जोडले असतील तर दुखतं म्हणून बोटं न हलवणं महागात पडतं, आणि थेरपिस्टने सांगितलंय त्यापेक्षा जास्त हलवणंही.

लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम सुई टोचण्याआधी उपयोगी आहे, पण ते अखंड त्वचेवर, वर पारदर्शक पट्टी लावून साधारण तासभर ठेवायचं असतं. उघड्या जखमेवर ते आपल्या मनाने चोपडू नका. औषध तिथून भराभर रक्तात जातं, आणि प्रिलोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते, तान्ह्या बाळांमध्ये विशेष. लिडोकेनची ५ टक्क्यांची पट्टी जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी सांगितली तरच: १२ तास लावायची, १२ तास काढायची, वर शेक नाही. ड्रेसिंगच्या वेळी टोचलेली भूल नेहमीसारखी चढत नसेल तर हे डॉक्टरांना सांगा. जंतुसंसर्ग झालेल्या जागेत आम्लता वाढते आणि ही औषधं तिथे नीट काम करत नाहीत. कधी कधी संसर्गाची पहिली शंका त्यावरूनच येते.

तीन महिन्यांनंतरही व्रणाजवळ जळजळ, सणक किंवा नुसत्या कपड्याच्या स्पर्शाने दुखणं राहिलं असेल तर वेदनातज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना ऑपरेशनच्या नोंदी, कोणता ब्लॉक दिला त्याचा कागद आणि ती वही, हे सगळं न्या. कोणत्या हालचालीने सणक येते ते घरीच एकदा तपासून ठेवलंत, तर तपासणीच्या टेबलावर आठवत बसावं लागत नाही.